कोण न्हाय ते बघ

"तीन महिन्यांत परत येईल. आणि आली की माझ्याच दारात उभी राहील."

आमच्या शाळेचे सेक्रेटरी अभिमन्यूराव हे वाक्य स्टाफरूममध्ये उभे राहून बोलले, मधल्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना. मी निवृत्त झालेली, पेन्शनच्या एका कागदासाठी गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. हातातला चहाचा कप मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "अभिमन्यूराव, लिहून देता का?"

त्यांनी लिहून दिलं नाही. लिहून द्यायचं म्हटलं की त्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आता मीच लिहिते. मी अनसूया, सोलापूरच्या त्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची सात वर्षं पर्यवेक्षिका होते. आणि ज्या बाईबद्दल ते बोलत होते ती राजनंदिनी, आमची गणिताची बाई. वय पस्तीस, लग्न केलेलं नाही, आणि का नाही हे विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. माझीसुद्धा.

तिचे आईवडील सांगोल्याच्या पलीकडच्या कोरड्या रानातले, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा आणि कळप घेऊन करकंब, मोडनिंबकडं निघायचं. पीक निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, पाऊस पडला की परत. आई फुलाबाई. अक्षरओळख शून्य, पण लेकीचं नाव ठेवलं राजनंदिनी. वस्तीवरचे हसले तर म्हणाली म्हणे, "तुमचं काय जातंय? हाक मारताना तुमचंच तोंड दुखंल."

या फुलाबाईंची एक रीत आहे आणि ती इथंच सांगायला हवी. त्या मेंढरं मोजत नाहीत. मोजली की घटतात, असं त्यांच्यात मानतात. संध्याकाळी कळप वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरू लागला की त्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि लहानग्या नंदीला विचारायच्या, "कोण न्हाय ते बघ." किती आहेत हे नाही, कोण नाही. पोरीनं सांगायचं, कान फाटकी न्हाय, पांढऱ्या कपाळाची न्हाय. चुकली तर पाठीत धपाटा. दीडशे मेंढरांची तोंडं त्या पोरीला पाठ होती, शाळेत जायच्या आधी.

पुढं ती आश्रमशाळेत शिकली, गणितात बी.एस्सी. झाली, बी.एड. केलं आणि आमच्या विनाअनुदानित तुकडीवर आली. विनाअनुदानित म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाकीच्यांनी एवढंच समजावं की शिकवायचं पूर्ण आणि पगाराच्या नावानं शिमगा. पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गात डोकावले तर ही हजेरीचे नंबर पुकारतच नव्हती. साठ पोरांवरून एकदा नजर फिरवली, म्हणाली, "गौरी नाही, केदार नाही, आणि मागच्या बाकावरची नवीन मुलगी रडून आलीये," आणि हजेरी लिहून मोकळी. मी म्हटलं, "अगं, गणिताची ना तू? मोज की!" तर म्हणते, "बाई, मोजल्यावर आकडा कळतो. पोरं नाही कळत."

मला तेव्हा राग आला होता. उद्धट वाटली. खरं सांगते, चार दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

ती रडून आलेली नवीन मुलगी पुढं दोन वर्षांनी कुठंतरी गेली. पण तशीच आणखी एक आली, पाचवीत. दानम्मा. अक्कलकोटकडची, वडील गुरुबसप्पा चादरीच्या कारखान्यात. पोरीला कन्नड सोडून काही येत नव्हतं. आमचे काही थोर सहकारी म्हणाले, हिला मराठी येईपर्यंत मागं बसवा. राजनंदिनीनं तिला पुढं बसवलं आणि तिच्याकडूनच कन्नड आकडे शिकली. वंदु, एरडु, मूरु. पाढे दोन्ही भाषांत व्हायचे. सहामाहीला दानम्माचा गणितात पहिला नंबर. मी तेव्हा मनातल्या मनात माझा उद्धटपणाचा शिक्का पुसून टाकला.

अशी अकरा वर्षं गेली. मग तुकडीला अनुदान आलं. आलं रे आलं, गणिताच्या जागेवर अभिमन्यूरावांच्या भाच्याचं नाव लागलं! आणि राजनंदिनीपुढं एक कागद आला: मी या शाळेत फक्त स्वयंसेवक म्हणून अधूनमधून मदत करीत होते, माझा जागेवर कोणताही हक्क नाही. खाली सही करायची. केली तर अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल, दोन वर्षांचं. नाही केली तर तेही नाही.

तिनं कागद वाचला. परत वाचला. म्हणाली, "सर, अकरा वर्षं मी रोज येत होते. हे अधूनमधून कसं होतं?"

"सही कर, उगाच वाद नको."

"मग राहू दे," म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

झालं. अकरा वर्षं हवेत. गावातल्या दुसऱ्या शाळा अनुभवाचा कागद मागायच्या. कागद नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी घरी आले, रेघांचा कागद घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं की, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत अकरा वर्षं गणित शिकवत होती, आणि तिच्याइतकं चांगलं शिकवणारं माझ्या एकतीस वर्षांत मी दुसरं पाहिलं नाही. खाली सही, पत्ता, फोन नंबर. ती ते पत्र घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, शिक्का नाही म्हणून त्यांनी ते मानलं नाही, आणि दोन दिवसांत अभिमन्यूरावांचा फोन. "बाई, असं पत्र द्यायचा तुम्हाला काय अधिकार?" मी म्हटलं, "डोळ्यांनी बघितल्याचा." आणि फोन ठेवला.

मालदीवची जाहिरात तिनं स्वतः शोधली. समुद्रातल्या बेटांवरच्या शाळा, गणिताचे शिक्षक हवेत, इंग्रजीतून शिकवायचं. मुलाखत मोबाइलवर, माझ्या स्वयंपाकघरात, कारण तिथं रेंज येते. शेजारच्यांचा मिक्सर नेमका तेव्हाच सुरू. तिकडच्या मुख्याध्यापिका डोक्याला रुमाल बांधलेल्या, मितभाषी. अनुभव विचारला. राजनंदिनी आपल्या सांगोली इंग्रजीत म्हणाली, "कागदावर शून्य. वर्गात अकरा वर्षं. मला आत्ता शिकवायला सांगा आणि बघा."

त्यांनी सांगितलं, ऋण संख्या शिकवा. हिनं माझ्या फ्रीजच्या दारावर खडूनं जमिनीची रेघ ओढली. ही शून्य. आमच्याकडं पाणी हवं तर खाली जायचं, उणे शंभर, उणे तीनशे, उणे सहाशे फूट. तिथंही नाही लागलं तर अजून किती? बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या. म्हणाल्या, आमच्या बेटावर चार फूट खणलं की पाणी, तुम्ही इथं हे उदाहरण कसं देणार? ही म्हणाली, "मग तुमची पोरं मला पाणी दाखवतील, मी त्यांना दुष्काळ सांगेन." घेतली त्यांनी. पण नवशिकी म्हणून, खालच्या श्रेणीवर, आणि तीन महिने परीक्षेवर. जमलं तर कायम, नाहीतर परतीचं तिकीट.

म्हणून तर अभिमन्यूराव तीन महिने म्हणाले. आणि खरंच परत आली असती तर या गावात तिला वर्ग मिळाला नसता, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

लोकांनी काय कमी बोलून घेतलं? बाईमाणूस एकटी, चहूकडं समुद्र, पोहता येत नाही. मला वाटलं, आई तरी अडवेल. फुलाबाई मोडनिंबजवळ मुक्कामाला होत्या, आम्ही दोघी जाऊन भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "परमुलूख म्हंजी? आमी आठ म्हयनं परमुलखातच आसतो की. दुसऱ्याच्या रानात बसायचं, तितली माती चांगली करायची, आन ताट मानंनं निगायचं. तूबी तेच करनार न्हवं?" मग माझ्याकडं वळून, "बाई, तितं मासं लई घालत्यात व्हय जेवनात? हिला वास सोसत न्हाय." एवढीच काय ती काळजी.

गेली. दर शुक्रवारी तिकडं सुट्टी, दर शुक्रवारी माझ्या फोनवर तिचं तोंड. सुरुवातीचे फोन म्हणजे निव्वळ रडारड, पण डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिव्या अशी. बेट एवढंसं की चालायला लागलं की वीस मिनिटांत संपतं. सकाळी मासा, दुपारी मासा. हिनं नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पंधरा दिवसांत संपली. त्यातला अर्धा वाटा घरमालकिणीनं खाल्ला, ते एक बरं झालं, मैत्री झाली. त्याच घरमालकिणीनं एकदा घाबरून विचारलं की, पाणी जाणार आहे का? कारण हिनं बादल्या, पातेली, पेलेसुद्धा भरून झाकून ठेवले होते. सांगोल्याची सवय. समुद्राच्या मधोमध बसून ही बया पाणी साठवत होती!

शाळेत मात्र घोडं अडलं ते हजेरीपाशी. तिथं प्रत्येक तासाला, प्रत्येक हालचालीला डोकी मोजायची आणि छापील तक्त्यात आकडा लिहायचा. ही सव्वीस पोरांकडं बघायची, सगळी आहेत म्हणायची, आणि आकड्याचा रकाना घाईत कोरा राहायचा. सवयच नाही ना. वरच्या जागेवर इब्राहिम सर नावाचे एक शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी समज दिली. समज फाइलला लागली. अडीच महिने झाले होते.

मी फोनवर ओरडले, "अगं बाई, लिही की तो आकडा! हात झिजतो का?"

"लिहीन बाई आता. पण मोजायच्या आधी बघेन."

"बघ, बघ. आणि ये परत अभिमन्यूरावांच्या दारात."

हे मी बोलायला नको होतं. तिनं फोन ठेवला. तो आठवडा माझा वाईट गेला.

पुढच्या आठवड्यात शाळेची सहल निघाली, जवळच्या एका निर्मनुष्य बेटावर. दोन होड्या. दिवसभर पोरं खेळली. परतताना पहिली होडी तिची यादी जुळवून निघून गेली. दुसरीत राजनंदिनीचा वर्ग. इब्राहिम सरांनी स्वतः एकेका डोक्याला हात लावून मोजलं. सव्वीस. आकडा लिहिला, नावाड्याला खूण केली.

राजनंदिनीनं होडीकडं बघितलं आणि म्हणाली, "शिमा नाही."

सरांनी कागद दाखवला. सव्वीस आहेत. ही म्हणाली, असतील, पण शिमा नाही. नावाडी ओहोटीचं कारण सांगून ओरडायला लागला. सरांनी परत मोजलं. परत सव्वीस. म्हणाले, मिस, होडीत बसा, नाहीतर हेही मला लिहावं लागेल. मला फोनवर हे सांगताना ती हातवारे करत होती. एक पाय धक्क्यावर, एक पाय होडीवर, खाली हिरवंगार पाणी, पोहता येत नाही. म्हणाली, "लिहा. पण होडी सुटणार नाही. माझी पोरगी नाही यात."

मग तिनं कोपऱ्यातल्या एका मुलीला उभं केलं. ती स्वयंपाकीण बाईची लेक. यादीत तिचं नावच नव्हतं, आईबरोबर पहिल्या होडीतून आली होती, शाळेचाच टीशर्ट घातलेला, आणि परतताना मैत्रिणीशेजारी या होडीत येऊन बसली होती. पहिल्या होडीची यादी जुळली, दुसरीचा आकडा जुळला आणि एक लेकरू मागं राहिलं.

शिमा सापडली बेटाच्या दुसऱ्या टोकाला. पाय प्रवाळावर कापलेला, झुडपाच्या सावलीत बसलेली. मुलखाची अबोल पोर. हाकसुद्धा मारली नव्हती तिनं. राजनंदिनीनं तिला पाठुंगळी घेतलं आणि वाळूतून आणलं.

त्या शुक्रवारी फोन आला तेव्हा ती बोलता बोलता थांबली आणि हमसून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, आता का रडतेस? सापडली ना?" म्हणाली, "बाई, आईनं पाठीत घातलेले धपाटे आठवले." मग मीही रडले. दोघी मिळून पंधरा मिनिटं रडलो, इंटरनॅशनल.

तिसरा महिना संपला आणि तिला कायम केलं. समज फाइलमधून काढली. मुख्याध्यापिकेनं श्रेणी वाढवण्यासाठी अनुभवाचा पुरावा परत मागितला, तेव्हा हिनं माझा तो रेघांचा कागद दिला. त्यांनी मला फोन लावला, अर्धा तास विचारलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, आणि अकरा वर्षं मान्य झाली. समुद्रापलीकडं मान्य झाली, सोलापुरात पार्क चौकापासून दहा मिनिटांवरच्या आमच्या शाळेत झाली नव्हती.

वर्षभरानं, डिसेंबरात, ती रजेवर आली. आणि इकडं गंमत झालेली. शाळेच्या अनुदानाची चौकशी लागली होती. अकरा वर्षं गणित शिकवलं कुणी? भाच्यानं म्हणावं, तर अकरा वर्षांपूर्वी भाचा स्वतः दहावीत नापास होत होता. मला अभिमन्यूरावांचा फोन, आवाजात साखर. "बाई, राजनंदिनी आलीय म्हणे. तिचं प्रमाणपत्र तयार आहे हो, पूर्ण अकरा वर्षांचं लिहितो हवं तर. त्या जुन्या कागदावर एक सही तेवढी." म्हणजे जागेवर हक्क नाही हे तिच्याच सहीनं ठरलं असतं आणि भाच्याची जागा वाचली असती.

गेलो तिघी. फुलाबाई खांद्यावर घोंगडी टाकून, लेकीच्या पुढं चार पावलं.

दारातच राजनंदिनी थांबली. "आले, सर. तुम्ही म्हणाला होता, तुमच्याच दारात उभी राहीन. तीन महिन्यांचं जरा लांबलं."

अभिमन्यूराव हसले, बसा म्हणाले. चहा आला. टेबलावर दोन कागद: वर गुळगुळीत प्रमाणपत्र, खाली तो जुना स्वयंसेवकाचा. पेनसुद्धा उघडून ठेवलेलं. तेवढ्यात बाहेर कवायत सुटली आणि नववीच्या पोरांनी खिडकीतून हिला बघितलं. "गणिताच्या मॅडम!" म्हणत अख्खा वर्ग व्हरांड्यात धावला. ही उठून दारात गेली. पोरं नुसती ओरडत होती. तिनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तिचं हसू गेलं.

"दानम्मा कुठाय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"कोण दानम्मा?" अभिमन्यूरावांनी विचारलं. वर्गशिक्षक भाचाच. तो हजेरीपट घेऊन आला आणि बोट ठेवून दाखवलं. दानम्मा हजर. कालही हजर, आज सकाळीही हजर.

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ती दिवाळीपासून येत नाही. शिलाईला जाते."

राजनंदिनी परत आत आली. तिचा आवाज चढला नव्हता. म्हणाली, "सर, मी अकरा वर्षं हजर असून तुम्ही मला गैरहजर केलंत. ते मी गिळलं. या पोरीला गैरहजर असताना हजर लावलंत, हे नाही गिळणार." तिनं तो जुना कागद ओढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: दानम्मा गुरुबसप्पा, इयत्ता नववी, दिवाळीपासून शाळेत नाही. तारीख घातली. खाली ठसठशीत सही केली. मोबाइलवर फोटो काढला.

"सही हवी होती ना? ही घ्या. असाच एक कागद आजच चौकशीवाल्यांकडं जाईल."

प्रमाणपत्राला तिनं हात लावला नाही. अभिमन्यूराव काहीतरी बोलायला लागले, पण फुलाबाई उठल्या होत्या. "नंदे, चल. एक न्हाय म्हनल्यावर हितं च्या पीत बसायचं व्हय?"

रिक्षा करून गुरुबसप्पांच्या घरी गेलो. एक खोली, तिच्यात शिलाईचं मशीन, मशीनवर दानम्मा. सुईखाली पांढरा सदरा होता, कुठल्यातरी शाळेच्या गणवेशाचा. आम्हाला बघून ती उठली, तो सदरा तसाच लोंबकळत राहिला. राजनंदिनी म्हणाली, "बा, दानम्मा." कन्नडमध्ये बा म्हणजे ये. पोर धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली.

गुरुबसप्पा भिंतीला टेकून उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "बाई, दोन महिने झाले. कोण विचारायला आलं नाही. आम्हाला वाटलं, शाळेला कळलंसुद्धा नाही."

"शाळेला नाहीच कळलं," राजनंदिनी म्हणाली. "मला कळलं."